शाळेच्या कुंपणापलीकडची तूर

माणिकगडच्या डोंगरपट्ट्यात, जिवती तालुक्याच्या टोकाला, चौदा गावे दोन राज्यांच्या ओढाताणीत सापडलेली आहेत. महाराष्ट्र म्हणतो ती आमची, तेलंगणही म्हणते आमचीच. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने ती महाराष्ट्राचीच असल्याचे पुन्हा एकदा जाहीर केले. तोवर इथल्या माणसांनी दोन्हीकडची रेशनकार्डे सांभाळली, दोन्हीकडे मतदान केले, आणि पोरांसाठी मराठी व तेलुगू अशा दोन्ही राज्यांच्या शाळा वापरल्या.

दुपारी दोन्ही शाळांत जेवण शिजते. दोन्हीकडचा तांदूळ सरकारी गोदामातला. फरक पडतो तो भातासोबत काय मिळते यात. तेलंगणात आठवड्याला तीन अंडी ठरलेली आहेत. बिले तिथेही थकतात, पण अंडे योजनेत आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे सुरू झाले, न खाणाऱ्यांना केळे. एका अंड्याचे पाच रुपये धरले होते. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने हा निधी बंद केला आणि अंडा पुलाव, खीर वगैरे करायचे असेल तर लोकवर्गणी काढा, असे शाळांना कळवले. डोंगरावरच्या कोलामगुड्यात, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीत, वर्गणी कोणाकडे मागायची, याचा उल्लेख त्या शासन निर्णयात नाही. त्याच गुड्यात घराघरांत कोंबड्या आहेत, हे मात्र कोणीही पाहू शकतो.

जिवती आणि कोरपना हे दोन्ही तालुके मूळच्या राजुरा तालुक्यातून निघालेले. राजुरा निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता; १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात आला. चंद्रपूर-गडचिरोली म्हटले की बाहेरच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे धान आणि जंगल येते. ते नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या झाडीपट्टीचे चित्र. वर्धा नदी ओलांडून बल्लारपूरहून राजुऱ्यात शिरले की जमीन काळी होते. कापूस, सोयाबीन, तूर, कुठे ज्वारी, कुठे हरभरा. मध्येच सास्ती, गोवरी, पोवनीच्या कोळसा खाणींचे ढिगारे, पुढे गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांच्या चिमण्या. पावसाळ्यात वर्धेला पूर आला की बल्लारपूर-राजुरा रस्ता बंद पडतो आणि तालुका एका बाजूने तुटतो. शाळेचा किराणा घेऊन येणारा ट्रकही अर्थात पलीकडेच राहतो.

हा ट्रक नेमके काय आणतो, ते समजून घेतले पाहिजे. योजनेचे आजचे नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण. गावात तिला खिचडीच म्हणतात. १५ ऑगस्ट १९९५ला ती सुरू झाली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो धान्य घरी नेता यायचे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या, असा आदेश दिला आणि शाळांत चुली पेटल्या. आता पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरलेले आहे. सहावी ते आठवीला साधारण दीडपट. तांदूळ अन्न महामंडळाचा, केंद्राकडून फुकट. बाकी सगळ्यासाठी मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलाला रोजचे ६ रुपये ७८ पैसे, उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे. यात केंद्राचा वाटा साठ टक्के, राज्याचा चाळीस. महाराष्ट्रात डाळी, तेल, तिखट, हळद, मीठ, मोहरी निविदेतून नेमलेला पुरवठादार शाळेपर्यंत पोचवतो. शाळेच्या किंवा बचत गटाच्या हाती राहतात ते भाजीचे आणि जळणाचे पैसे. तेही महिनोन्‌महिने उशिराने येतात. तोवर किराणा दुकानातली उधारी नाहीतर मुख्याध्यापकांचा खिसा. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना महिना अडीच हजार रुपये मानधन.

गावाने पिकवलेले गावच्या शाळेत पोचू शकते, अशी फट एवढीच: भाजी. आणि तिथेही पैसे इतके तुटपुंजे की पन्नास ग्रॅमची भाजी बहुतेक वेळा वरणात तरंगणारे दोन आलू आणि एका भेदऱ्यापुरती, म्हणजे टोमॅटोपुरती, उरते.

आता थोडा हिशेब करू. कंटाळवाणा वाटला तरी या विषयातली खरी गंमत हिशेबातच आहे. साठ मुलांची प्राथमिक शाळा घ्या. वर्षाला दोनशे दिवस जेवण धरा. वीस ग्रॅमने रोजची डाळ सव्वा किलोच्या आत, वर्षाची २४० किलो. इतकी डाळ पाडायला साधारण साडेतीन क्विंटल तूर लागते. कोरडवाहू शेतात एकरी साडेतीन-चार क्विंटल तूर ही काही बढाईची गोष्ट नाही. म्हणजे साठ मुलांच्या वर्षभराच्या वरणाला एक एकर पुरते. हमीभावाने, २०२५-२६च्या ८ हजार रुपये क्विंटलने, या तुरीचे २८ हजारांच्या आसपास होतात. बारा हजार ताटांत ते वाटले तर ताटाला सव्वादोन रुपये, आणि भरडाई धरली तरी अडीच. भाजी वर्षाला सहा क्विंटल, म्हणजे पाण्याची सोय असलेली दोन-तीन गुंठ्यांची बाग. आठवड्याला एक अंडे द्यायचे म्हटले तर चाळीस आठवड्यांची २,४०० अंडी. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, म्हणजे चाळीसेक कोंबड्या. गावरान अंडे पाच रुपयांत कोणी देणार नाही, हेही खरेच. पण एक एकर, तीन गुंठे आणि चाळीस कोंबड्या, एवढ्यात एका शाळेचे ताट भरते. कुठल्याही गावात ही गोष्ट आवाक्याबाहेरची नाही.

तरी होते काय? राजुऱ्याची तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते, बाजार समितीत किंवा दारावरच्या व्यापाऱ्याला विकली जाते आणि डाळ मिलकडे निघून जाते. जूनअखेर शाळा उघडतात तेव्हा पुरवठादाराची पाकिटे येतात. ती डाळ कुठल्या राज्यातली, कोणत्या हंगामातली, यापेक्षा मला दुसरी गोष्ट खटकते: शेतकऱ्याने ती विकली किलोला ऐंशीच्या भावाने किंवा त्याहून कमी, आणि त्याच्याच पोराच्या ताटात ती येईपर्यंत भरडाई, पॅकिंग, वाहतूक, निविदेची अनामत, पुरवठादाराचा नफा हे सगळे तिच्यावर चढलेले असते. विदर्भात यावर उपायाचे यंत्र कधीच तयार झाले आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने बनवलेली पीकेव्ही मिनी दाल मिल बचत गटांच्या बायका चालवतात. चार-पाच गावांना अशी एक मिल पुरे. चुनी जनावरांना, डाळ शाळेला.

डाळीवर एवढा भर देण्याचे कारण पोषणाच्याच आकड्यांत आहे. प्राथमिकच्या ताटात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे सरकारच सांगते. शंभर ग्रॅम तांदळातून तीनशे चाळीसच्या वर उष्मांक मिळतात, म्हणजे पोट भाताने भरते. प्रथिने मात्र तांदळातून सातच ग्रॅम. वीस ग्रॅम डाळ पुरी पडली तर आणखी साडेचार. वरण पातळ झाले की बारापर्यंत पोचायचा दुसरा मार्ग नाही. अंड्याचा होता, तो सरकारने वर्गणीवर टाकला.

जून २०२४ मध्ये राज्याने नवी पाककृती जाहीर केली. भात किंवा पुलाव, मोड आलेली कडधान्ये, आणि सोबत खीर किंवा नाचणी सत्व. कागदावर मोठी देखणी. पण नाचणी हे सह्याद्रीच्या उतारांचे पीक. राजुऱ्याच्या काळ्या मातीचे धान्य ज्वारी. इथल्या गोंड-कोलाम घरांत ज्वारीचा गटका होतो, आंबील होते, कण्या शिजतात. ज्वारी आता आक्रसली आहे, कापूस-सोयाबीनने आणि त्याहून अधिक रानडुकरांनी तिला शेतातून हुसकले. शाळेने आठवड्यातून दोनदा ज्वारी मागितली असती तर कदाचित कोणी दोन तासे जास्त पेरली असती. मुंबईहून निघालेला एकच मेनू मालवण ते भामरागड चालवायचा ठरला की रत्नागिरीचे पोर आपले धान्य खाते आणि राजुऱ्याचे पोर परक्याचे पीठ पाण्यात कालवून पिते. जानेवारी २०२५ मध्ये पाककृती पुन्हा बदलली. तीही पुन्हा सगळ्या राज्याला एकच.

तांदळाची कथा वेगळी आणि, खरे सांगायचे तर, जास्त बोचरी आहे. याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे नावाच्या तिसरी शिकलेल्या शेतकऱ्याने १९८३च्या सुमाराला आपल्या दीड एकरातल्या पटेल-३ धानात वेगळ्या रंगाच्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी निराळे काढले, वर्षानुवर्षे निवडले. त्या काळी मनगटावर मिरवल्या जाणाऱ्या घड्याळावरून त्या वाणाला एचएमटी नाव पडले. पुढे हा तांदूळ देशभर गेला. कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बी घेऊन १९९८ मध्ये पीकेव्ही एचएमटी हे वाण काढले. खोब्रागडेंचे श्रेय त्यात बुडाले, पैसा तर मिळालाच नाही. ३ जून २०१८ला ते गेले. त्यांच्या तांदळाची चव मुंबई-पुण्याच्या हॉटेलांना माहीत आहे. त्यांच्याच जिल्ह्यातल्या शाळांत पोत्यातून काय निघेल ते गोदामावर ठरते.

झाडीपट्टीचा आणि गडचिरोलीचा धान आधारभूत किमतीने मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ विकत घेतात. तो भरडाईला गिरणीत जातो आणि तिथून केंद्राच्या साठ्यात. खरेदी केंद्रांवर उघड्यावर भिजलेल्या धानाच्या बातम्या दर वर्षी येतात. म्हणजे इथला तांदूळ सरकारकडे जातोच, परत येताना तो इथलाच असेल याची खात्री नाही. आणि अलीकडच्या वर्षांत आला तो पोषणमूल्यवर्धित. लोह, फोलिक आम्ल, बी-१२ घातलेले तांदळासारखे दिसणारे दाणे शंभरात एक या प्रमाणात त्यात मिसळलेले असतात. गावोगाव आधी प्लास्टिकचा तांदूळ आला म्हणून गहजब झाला. बायकांनी ते दाणे वेचून फेकले. तो गैरसमज होता. दुसरी शंका मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चंद्रपूर-गडचिरोली हा सिकलसेलचा पट्टा. लोह घातलेले अन्न सिकलसेलच्या रुग्णांनी खाऊ नये, असा इशारा पाकिटावर छापण्याची अट २०१८च्या नियमांतच होती. पुढे ती अट वादात सापडली. वर्गातल्या कोणत्या पोराला सिकलसेल आहे हे अनेकदा शाळेला ठाऊक नसते, आणि पातेले तर सगळ्यांसाठी एकच. रक्त वाढवायला तांदळात दाणे मिसळण्याआधी शेवग्याचा पाला, तरोटा, हरभऱ्याची भाजी ताटात का आली नाही, हा प्रश्न कोणत्या बैठकीत विचारला गेला असेल असे वाटत नाही.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात आणि रानभाज्यांचा हंगामही तेव्हाच सुरू होतो. तरोटा, कुड्याची फुले, केना, कुरडू, धोप्याची पाने, बांबूचे कोवळे वास्ते, थोड्या दिवसांनी काटवल. अळिंब्यांच्या सात्या निघाल्या की त्या दिवशी घरात दुसरे काही शिजत नाही. कृषी विभाग दर पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो, अधिकारी चव घेतात, फोटो येतात. शाळेत त्याच आठवड्यात आलू. पण इथे भाबडेपणाही नको. सात्या ओळखायला चुकले तर जीव जातो. साठ पोरांच्या पातेल्यात अळिंबी टाकायचा सल्ला मी देणार नाही. जंगलात जाणेही पूर्वीसारखे राहिलेले नाही. राजुरा-विरूर भागात आरटी-१ या वाघाने अनेक माणसे मारली. ऑक्टोबर २०२० मध्ये तो पकडला जाईपर्यंत सरपणाला जाणेही बंद होते. शाळेसाठी रानभाजी घ्यायची तर ती बांधावरची, परसातली, पाच-सहा ओळखीच्या जातींची.

स्थानिक म्हणजे आपोआप शुद्ध, असे मानणारा एक वर्ग शहरांत आहे. त्याने राजुऱ्याच्या कपाशीत एकदा उभे राहावे. इथे तूर एकटी क्वचितच असते; कपाशीच्या काही तासांमागे तुरीचे एक तास. फवारा कपाशीवर चालतो तेव्हा तुरीला चुकत नाही. बांधावरच्या वांग्यांना, बरबटीलाही नाही. शेजारच्या यवतमाळात २०१७च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. आणि शाळेच्या जेवणाची देशातली सर्वांत भयंकर घटना, बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावची, १६ जुलै २०१३ची, तीही कीटकनाशकाचीच होती. तेल मोनोक्रोटोफॉसच्या डब्यात ठेवलेले होते, २३ मुले मेली. त्यामुळे गावची तूर शाळेत आणायची तर गावाशी करारही तसाच हवा: शाळेचा एकर निराळा, त्यावर फवारणी कसली आणि केव्हा झाली ते लिहून ठेवलेले, रिकामा औषधाचा डबा शाळेच्या आवारात दिसता कामा नये. निविदेतल्या पाकिटावर प्रयोगशाळेचा शिक्का असतो, हा पुरवठादारांचा युक्तिवाद खोडायचा तर एवढे करावेच लागेल.

हे होऊ शकते का, असे विचारणाऱ्यांना उत्तर परदेशातून आणण्याची गरज नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या अंगणवाड्यांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५च्या अखेरीस सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण, पुढे लहान मुलांना आठवड्यातून चार अंडी. पैसे अंगणवाडी सेविका आणि गावातली निवडून आलेली महिला यांच्या खात्यात, खरेदी गावच्या आहार समितीची. याच पट्ट्यात, याच गावांत. अनुदान रखडते, महागाईच्या मागे राहते, सेविका पदरमोड करतात, हे सगळे दोष तिच्यात आहेत. पण गाव खरेदी करू शकते का, हा प्रश्न तिने निकालात काढला. एकाच गावात पाच वर्षांच्या मुलासाठी अंडे गावात विकत घेता येते आणि ते मूल सहा वर्षांचे होऊन शेजारच्या खोलीत पहिलीत बसले की त्याची डाळ जिल्ह्याच्या निविदेतून यावी लागते. याला धोरण म्हणता येत नाही. दोन खात्यांच्या फायली आहेत, इतकेच. अंगणवाड्यांच्या आहारात कंत्राटदार नकोत, गावसमाज आणि महिला मंडळांकडे काम द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ऑक्टोबर २००४चा आहे. शाळांसाठी तितका स्पष्ट आदेश आला नाही, आणि निविदांना जागा राहिली.

देशातल्या इतर राज्यांपैकी ओडिशाचा धडा उपयोगी आहे. २०११ मध्ये डाळ घोटाळा गाजल्यावर त्या राज्याने डाळीची खरेदी वरून काढून खाली दिली. घोटाळ्याने झालेली सुधारणा टिकाऊ असते, असा आपला अनुभव आहे. बाहेरचे एकच उदाहरण सांगतो, ब्राझीलचे. तिथल्या २००९च्या कायद्याने शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान तीस टक्के छोट्या कुटुंब-शेतकऱ्यांच्या मालावर खर्च करणे सक्तीचे झाले. २०२५ मध्ये हा वाटा पंचेचाळीस टक्क्यांवर नेणारा कायदा आला. मला महत्त्वाची वाटते ती त्यांच्या खरेदीची रीत. तिथे सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला काम मिळत नाही. स्थानिक बाजाराची चौकशी करून भाव आधीच जाहीर केला जातो, आणि त्या भावाला माल देणाऱ्यांत जवळच्यांना, आदिवासींना, भूमिहीन म्हणून वसवलेल्यांना आधी संधी. आपल्याकडे हमीभाव नावाचा जाहीर भाव आहेच. तो शाळेच्या डाळीला लावायला कोणता अडथळा आहे?

अडथळा आहे तो खरेदीच्या आकाराचा. जिल्ह्याची निविदा शेकडो टनांची असते. तिच्यात उतरायला उलाढाल, अनामत, गोदाम, जीएसटी क्रमांक लागतो. साडेतीन क्विंटल तूर असलेला माणूस तिच्या दारातही उभा राहू शकत नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गटांना सामावून घ्या म्हणतात, शाळांत परसबागा करा म्हणतात. परसबागांच्या स्पर्धाही होतात, आणि जिथे पाणी आहे, गुरुजींना हौस आहे तिथे खरोखर छान बागा आहेत. पण तीन किलो रोजची भाजी मुलांनी पिकवावी ही अपेक्षाच चुकीची. ती शिकण्यासाठी असावी, पातेले भरण्यासाठी शेतकरी आहेत.

म्हणून माझे मत असे: तांदूळ केंद्राकडेच राहू द्या, तो फुकट मिळतो. तेल-मीठ-हळद पुरवठादार आणोत. डाळ तेवढी निविदेतून काढा आणि तिचे पैसे भाजीच्या पैशांत मिळवून शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात आगाऊ द्या, तिमाहीचे तिमाहीला. सुरुवात राजुरा, कोरपना, जिवती या तीन तालुक्यांपासून करता येईल; तूर इथे आहे, अमृत आहाराचा अनुभवही इथेच आहे. एक वर्ष चालवून हिशेब जाहीर करा. फसले तर निविदा कुठे पळून जात नाही.

दिवाळीला गावी येणाऱ्या वाचकांना एक काम सांगतो. शाळेला सुट्टी असेल, पण व्यवस्थापन समितीचे सदस्य गावातच असतील. त्यांत पाऊण हिस्सा पालकांचाच असतो. गेल्या महिन्यात डाळ किती आली आणि भाजीचे पैसे केव्हाचे थकले आहेत, हे त्यांना विचारा. नवी तूर जानेवारीत घरात येते आणि २६ जानेवारीला ग्रामसभा असते. शाळेची डाळ गावातून हमीभावाने घ्यावी, एवढा एक ओळीचा ठराव तिथे मांडा, मंजूर करून घ्या आणि जिल्हा परिषदेकडे पाठवून त्याची पोच घ्या.